एकाच हातच्या सह्या

वकिलाने पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. बंद पेनाचं टोक त्याने माझ्या उमेदवारी अर्जाच्या मागच्या पानावर ठेवलं आणि शिडी उतरावी तसं एकेका सहीवरून खाली आणलं. दहा सह्या, दहा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर जरा थांबून. "हे बघा साहेब, शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली ही शेपटी. दहाच्या दहा ठिकाणी. आणि अक्षरं सगळी डावीकडे कललेली. दहा माणसं काय एकाच वाऱ्यात सापडली होती? या सगळ्या सह्या एकाच हातच्या आहेत." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या उजव्या बाहीकडे पाहिलं, जिच्यात मनगटाच्या वरपासून पुढे काही नाही, आणि जिभेवर आलेलं पुढचं वाक्य गिळलं. तेवढी सभ्यता त्याच्यात होती. मला लागलं ते त्या गिळलेल्या वाक्याने नव्हे. तो खोटं बोलत नव्हता म्हणून. तो कागद मी चार दिवस पिशवीत घालून फिरले होते, दिवसातून दहादा काढून पाहिला होता, आणि जे त्याला उभ्या उभ्या दिसलं ते मला दिसलं नव्हतं. त्या पानावर दहा वेळा मीच बसले होते.

निवडणूक अधिकारी पन्नाशीचा, बारीक आवाजाचा माणूस. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा खाली ठेवला. "बाई, हे तुमचे सूचक, तुमचं नाव सुचवणारे हे दहा जण, खरोखरचे आहेत ना?" "आहेत की," मी म्हणाले, "या घटकेला सगळे कामावर आहेत." "मग त्यांना कामावरून यावं लागेल. माझ्यासमोर सही करावी लागेल. तीन वाजता छाननी संपते. दहा म्हणजे दहा. नऊ आले तरी अर्ज बाद." लिफ्टवाला माझ्या मागे उभा होता. इस्पितळाची लिफ्ट त्याने तीस वर्षं वरखाली केली. आता निवृत्त आहे, आणि माझ्या प्रचाराचं कार्यालय म्हणतात ते म्हणजे त्याचा मोबाइल. तो पुढे झाला. "पहिली माझीच घ्या साहेब, मी दहांतलाच." त्याने सही केली. डावीकडे कललेली, शेवटी शेपटी. अधिकाऱ्याने अर्जावरच्या सहीशेजारी ती धरून पाहिली आणि मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. "नऊ मजले राहिले," लिफ्टवाला माझ्या कानाशी म्हणाला आणि फोन लावत बाहेर गेला.

मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. लांबच लांब व्हरांडा, एका अंगाला दारं, दुसऱ्या अंगाला खिडक्या, आणि खिडक्यांतून फरशीवर पडलेले उन्हाचे चौकोन. शिपायाने पाण्याचा पेला आणून माझ्या उजव्या बाजूला ठेवला, मग चूक कळून उचलून डावीकडे ठेवायला गेला, आणि त्या गडबडीत निम्मं पाणी सांडलं. तो ओशाळला. "असू द्या हो," मी म्हणाले, "माझंही अजून चुकतं." ते काही त्याच्या समाधानासाठी नव्हतं. एकोणतीस वर्षं झाली, तरी तोल गेला की पुढे येतो तो उजवाच. नसलेला. मी कामाला होते त्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी वाळवून सपाट करणारे दोन तापलेले रूळ असतात, एकावर एक. ओली चादर एका बाजूने द्यायची, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक होऊन बाहेर येते. त्या दिवसाचं दुखणं मला आठवत नाही. आठवतो तो कांजीचा वास, बोटांना लागलेली ऊब, आणि जरा जास्तच ऊब लागतेय असं वाटणं. चादर पलीकडून बाहेर आली तेव्हा कुणीतरी ओरडलं. ती मी नव्हते. मी त्या वेळी विचार करत होते की ही चादर आता पुन्हा धुवावी लागणार.

रुळापुढे जाळी असती तर हात आत गेला नसता. माझ्यानंतर ती बसवली. चार-पाच वर्षांनी काढली, कारण जाळीमुळे चादरी हळू जातात. काढली ती ठेकेदाराने. धुलाईघराचा ठेका त्याचा, सफाईचा त्याचा, आणि गेली पंधरा वर्षं आमच्या प्रभागातून नगरसभेवर निवडून येतो तोही तोच. सकाळचा वकील त्याचाच. गेल्या वर्षी एका नव्या मुलीची दोन बोटं गेली. मी निवृत्त झालेली, तरी गेले. जाळी परत लावा म्हणून इस्पितळाच्या ऑफिसात तीन खेपा घातल्या. तिथला माणूस चांगला होता, त्याने खुर्ची दिली. म्हणाला, "मावशी, ते आमच्या हातात नाही, ते वर ठरतं." खाली आल्यावर मी लिफ्टवाल्याला म्हणाले, "तीस वर्षं लिफ्ट चालवलीस, हे वर म्हणजे कितव्या मजल्यावर?" तो हसला नाही. म्हणाला, "आपल्या लिफ्टला ते बटणच नाही. जिन्याने जावं लागेल." तिथून हे सुरू झालं. जाळीपासून. पुढे मागच्या फाटकातून ये-जा करणारे सगळेच त्यात आले. इस्पितळाला दोन फाटकं आहेत. पुढच्यातून रुग्ण आणि डॉक्टर येतात. मागच्यातून मळके कपडे, कचरा, भांडी, मुडदे, आणि या सगळ्यांच्या मागे चालणारी माणसं. त्या माणसांना कुणी काही विचारत नाही. माझ्या पत्रकावर लिफ्टवाल्याने छापून घेतलं, 'मागच्या फाटकाचा आवाज मी होणार.' नणंदेने ते वाचलं आणि मला विचारलं, "तुम्ही आवाज होणार, मग आम्ही काय व्हायचं?" मी म्हणाले, "तू गप्प बस."

व्हरांड्याच्या भिंतीवर आग लागली तर काय करावं याच्या सूचनांचा फलक होता. जवळ जाऊन मी तो निरखला. वाचायला नव्हे, अक्षरं बघायला. सगळी सरळ उभी होती. कुठल्याच अक्षराला शेपटी नव्हती. मी बोट लावून पाहिलं, शेवटचा फाटा जिथे संपायला हवा तिथे संपत होता. आणि ही माझ्यासाठी काही नवी गोष्ट नव्हती! मी अक्षरं शिकले तीच मुळी छापील. हात गेल्यावर मला रुळावरून काढून चादरी वॉर्डवार वेगळ्या करायच्या टेबलावर बसवलं. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर पक्क्या शाईचा शिक्का असतो, कुठल्या वॉर्डची ती कळायला. पहिली बारा वर्षं मी ते शिक्के चित्रं म्हणून ओळखले. हा कुबड आलेला म्हातारा, म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड. ही उलटी पडलेली खुर्ची, म्हणजे हाडांचा. मग एकदा भांडारातल्या कारकुनाने मस्करीत विचारलं, "खुर्ची म्हणतेस तिचा उच्चार ठाऊक आहे का तुला?" त्याने तो सांगितला. त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यावरच्या एका दुकानाच्या पाटीवर तीच खुर्ची पाहिली, आणि एका औषधाच्या दुकानावर, आणि बसच्या पाठीवर, आणि मला वाटलं हे सगळे लोक इतकी वर्षं आपल्यादेखत बोलत होते आणि आपल्याला वाटत होतं ते नुसते उभे आहेत. वय चव्वेचाळीस. फाटलेल्या चादरी मोडीत जायच्या, त्यांवर मी डाव्या हाताने, पक्क्या शाईच्या पेनाने, शिक्के उतरवत बसायची. धरायला दुसरा हात नाही म्हणून उजव्या कोपराने कापड दाबायचं, म्हणजे कापड तिरकं होणार, म्हणजे अक्षर कलणार. आणि डावं मनगट. दोन हातांचं ओझं बारा वर्षं एकट्याने उचललेलं मनगट. ओळीच्या शेवटी ते हार मानतं, एकदम खाली पडतं, आणि पेन त्याच्यासोबत घसरतं. ते अक्षर नव्हतंच. ती माझ्या मनगटातली कळ होती. फलकावर बोट ठेवून मी उभी होते आणि मागून जाणारा कुणीतरी म्हणाला, "आजी, आग नाही लागली, घाबरू नका."

पाळी सुटल्यावर धुलाईघराच्या मागच्या पडवीत मी वर्ग घ्यायला लागले त्याला आता अकरा वर्षं झाली. वर्ग म्हणजे काय, सहापासून बारापर्यंत माणसं, एक बाक, आणि मोडीतल्या चादरी. पाटी-पेन्सिल आणली होती, पण ज्यांनी जन्मभर अंगठा उठवला त्यांना पाटीचा राग येतो. पुसलं की सगळं गेलं. म्हणून मी चादरीच्या लांब पट्ट्या फाडल्या आणि प्रत्येकाचं नाव पक्क्या शाईने एकेका पट्टीवर लिहून दिलं. धुवा, उकळा, जात नाही. त्यावरून बोट फिरवायचं, मग बाजूला तसंच काढायचं. लोकांनी त्या चिंध्या जपल्या. बॉयलरवाला त्याची डोक्याच्या रुमालात गुंडाळून ठेवायचा. शवागारातल्या माणसाने आपल्या खोलीच्या दारावर ठोकली, म्हणाला, "इथे येणाऱ्या सगळ्यांच्या पायाला नावाची चिठ्ठी असते, माझीच नव्हती." मला त्यांनी 'बाई' म्हणायला सुरुवात केली, आधी चेष्टेने, मग सवयीने. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. माझी पाठ ताठ झाली. हजेरीपुस्तकात अंगठ्यांच्या रांगेत एकेक सही उगवायला लागली की मला वाटायचं, ही मी केली. आज कळतंय, ते जरा जास्तच खरं होतं.

साडेबारापर्यंत तिघं आले. शवागारातला पांढऱ्या बुटांसकट, जिने पुसणारी हातातली बादली खालच्या पहारेकऱ्याकडे ठेवून, आणि फाटकाजवळ कुलपं दुरुस्त करणारा कुबडीवाला, ज्याला दोन जिने चढायला वीस मिनिटं लागली आणि जो वर येऊन म्हणाला, "बाई, निवडून आलात तर आधी हे ऑफिस तळमजल्यावर आणा, जाळी मागून." भांडी घासणाऱ्या दोघी सख्ख्या जावा आल्या त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, तरी एकाच रिक्षातून आल्या. एक मला म्हणाली, "हिला सांगा माझी चप्पल तुडवू नकोस." दुसरी म्हणाली, "हिला सांगा पाय आवरून चाल." प्रत्येक जण आत जाई, मी दारातून बघे. टेबलासमोर उभं राहून पेन धरतानाच्या त्यांच्या पाठी मला तोंडपाठ आहेत. आणि प्रत्येक वेळी, शेवटच्या अक्षरापाशी, त्यांचं मनगट खाली पडलं. निरोगी, दणकट मनगटं. जावांमागून आलेल्या बॉयलरवाल्याचं मनगट माझ्या दंडाएवढं आहे. ते माझ्यासारखं मोडून पडलं आणि वर उचललं गेलं. त्याला कुठे काय दुखत होतं? नऊ माणसांनी माझं दुखणं अक्षर म्हणून शिकून घेतलं होतं, आणि मी त्यांना कधी विचारलं नव्हतं की हे असं का काढता. अधिकारी दर वेळी दोन्ही सह्या शेजारी धरी, मान हलवी. जुळत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. वकील खिडकीशी उभा राहून सफरचंद खात होता आणि त्याचा चेहरा जरा उतरला होता, आणि मला, मी काय सांगू, माझ्या अंगावर काटा येत होता.

अर्जावर सह्या घेतल्या त्या दिवशीही हे माझंच डोकं. सगळे घाबरलेले. सरकारी कागद, एकच प्रत, खाडाखोड चालत नाही. मी म्हणाले, "आपापली चिंधी समोर ठेवा आणि तशीच्या तशी काढा, कुणी अक्कल चालवायची नाही." नणंद भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे चिंधी नव्हती. तिने पाच वर्षांपूर्वी वर्ग सोडला होता.

आता हिचं सांगायला हवं. माझा हात गेला तेव्हा ती एकोणीसची. नवऱ्याची पाठची बहीण, तो तिला ठिणगी म्हणायचा. दुसऱ्या दिवसापासून तिने माझी वेणी घालायला सुरुवात केली आणि बारा वर्षं घातली. ब्लाउजचे हूक, डब्याची झाकणं, पोराचे बूट, सगळं. तिचं लग्न ठरता ठरता दोनदा राहिलं, त्याचं कारण घरात कुणी बोललं नाही. नवरा म्हणायचा, "तुझा नवा उजवा हात झकास आहे, फक्त बोलतो फार." तो गेला, पोरगा कामाला बाहेर गेला, आम्ही दोघीच राहिलो. हुकांशिवायचे कपडे निघाले, मी माझी वेणी कापून टाकली, आणि ती बसस्थानकाच्या स्वच्छतागृहात कामाला लागली. वर्गात ती पहिल्या दिवसापासून यायची, सगळ्यांत पटकन शिकली. एका संध्याकाळी तिने आपलं नाव लिहून माझ्यापुढे धरलं. सरळ अक्षर, स्वच्छ, शेवट जिथल्या तिथे. मी म्हणाले, "शेवटची ओढ राहिली." ती म्हणाली, "ती अक्षरात नसते वहिनी." सगळ्यांदेखत. मी म्हणाले, "मला शिकवतेस? पुन्हा काढ." तिने कापड घडी करून बाकावर ठेवलं, "तुमचं अक्षर तुम्हालाच लखलाभ," म्हणाली आणि उठून गेली. घरी आल्यावर आम्ही नेहमीसारखं जेवलो. पुन्हा तिने वर्गात पाऊल टाकलं नाही आणि मी बोलावलं नाही. पाच वर्षं एका छपराखाली दोन माणसं किती गोष्टींवर न बोलता राहू शकतात, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मात्र दहावी सही कमी पडली तेव्हा ती आली. मी तिच्यासाठी नवी चिंधी लिहिली. तिने चिंधीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओठ आवळले, आणि तशीच्या तशी काढली. चिंधी टेबलावरच टाकून गेली. ती चिंधी आता माझ्या पिशवीत होती.

दोन वाजता नऊ झाले. कचरा वेगळा करणारं जोडपं शेवटी आलं, बाई आधी आणि तिचा नवरा मागे धापा टाकत. सगळे जण व्हरांड्यात भिंतीला लागून बसले. मागच्या फाटकाची माणसं दुसऱ्या मजल्यावर. जाणारे-येणारे वळसा घालून जात होते. लिफ्टवाला फोन हातात धरून फेऱ्या मारत होता. "काय म्हणते?" मी विचारलं. "बदली बाई आल्याशिवाय जागा सोडता येत नाही म्हणते. मुकादम दारातच उभाय." "आणि बदली बाई?" "निघालीय म्हणे." सव्वादोन. अडीच. माझ्या डाव्या तळव्याला घाम आला होता आणि तो पुसायला, हे मी नेहमी विसरते, दुसरा तळवा नव्हता. मला रुळावरच्या त्या मुलीचा चेहरा दिसत होता. तिची आई मला म्हणाली होती, "तुम्हाला तरी कळेल." मला कळत होतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. आणि दुसरीकडून एक नालायक विचार डोकं वर काढत होता, की ती येऊच नये. अर्ज बाद व्हावा. या नऊ माणसांचा आवाज म्हणून कुठेतरी जाऊन बसायचं, आणि तिथे बोलणार कोण, तर माझंच दुखरं मनगट. मी तो विचार दाबला. तो दबला नाही. घड्याळाचा मोठा काटा आठवर गेला.

दहा मिनिटं कमी असताना ती जिन्याच्या तोंडाशी दिसली. कामाचा निळा झगा तसाच, पायात रबरी बूट, आणि तिच्याआधी फिनेलचा वास. धावत आली होती, पण मला पाहताच चालायला लागली. "बसा, बसा, उठू नका," ती म्हणाली, जसं काही मी उठणार होते. "पाणी प्यालात का दिवसभरात?" "तू आधी आत जा." "जातेय. तोंड बघा कसं झालंय." आणि आत गेली. या वेळी मीही मागोमाग गेले. तिने पेन घेतलं, अधिकाऱ्याकडे न बघता, रोज हजेरीपुस्तकात करते तशी झरकन सही केली.

सरळ. स्वच्छ. शेवट जिथल्या तिथे.

वकील खिडकीपासून निघाला तो तीन पावलांत टेबलाशी. "साहेब! ही जुळत नाही. अर्जावरची सही या बाईंची नाहीच." अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी धरले आणि या वेळी मान हलवली नाही. "वकीलसाहेब," तो सावकाश म्हणाला, "सकाळी तुमची हरकत होती की सगळ्या सह्या सारख्या आहेत." "हो, पण..." "आता हरकत अशी की एक वेगळी आहे." "दोन्ही हरकती आहेत साहेब." "तुम्ही एक ठरवा." मग तो नणंदेकडे वळला. "तरी बाई, मला दिसायला हवं. अर्जावरची सही तुमचीच?" "माझीच." "आणि ही?" "ही पण माझीच." "मग दोन तऱ्हा का?" ती म्हणाली, "साहेब, दुसऱ्याच्या घरी तुम्ही बसता तसेच आपल्या घरी बसता का?" दारातून कुणीतरी हसलं. अधिकारी हसला नाही. "अर्जावरच्यासारखी काढून दाखवता येईल?"

माझा हात पिशवीत होता. बोटांना चिंधी लागली होती. ती काढून टेबलावर ठेवायची, एवढंच काम. मी बारा वर्षं हिच्या हाताने जेवणाचा डबा उघडला, आणि तिचा हात तिचा झाला तेव्हा मी तो वर्गातून उठवला, आणि आता पुन्हा तोच हात मला माझ्या कामाला हवा होता. चिंधी बाहेर काढली, पण पुढे केली गेली नाही. तिने ते पाहिलं. "राहू दे वहिनी," ती म्हणाली, "मला पाठ आहे."

तिने कागद तिरका केला. उजवं कोपर टेबलावर दाबलं, पेन डाव्या हातात घेतलं. डाव्या! अर्जावरही तिने डाव्यानेच काढली होती, आणि मी समोर उभी असून मला दिसलं नव्हतं, मी अक्षर बघत होते. कललेली अक्षरं एकामागून एक आली, आणि शेवटाला तिचं मनगट हलकेच खाली पडलं. माझ्या मनगटात कळ आली. अधिकारी पुढे वाकला होता. तिने त्या शेपटीवर बोट ठेवलं. "ही शेपटी नाही साहेब. इथे वहिनींचं मनगट दुखतं. बाकीच्यांना वाटलं अक्षरच असं असतं. मला माहीत होतं, कारण रोज तेल मीच चोळायची. म्हणून माझ्या सहीत मी ती घेतली नाही." "मग अर्जावर का घेतली?" "अर्ज त्यांचा होता," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला. तीनला दोन मिनिटं होती. "हरकत फेटाळली," तो म्हणाला. "अर्ज वैध." वकिलाने फाइल बगलेत मारली आणि जाता जाता, का कोण जाणे, नणंदेला वाट करून दिली. बाहेर भांडीवाल्या दोघी एकदम बोलायला लागल्या, एकमेकींशीच, आणि ते लक्षात येऊन एकदम थांबल्या. लिफ्टवाला दारात येऊन म्हणाला, "वर चला," आणि डोळे पुसायला लागला. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी नणंदेला म्हणाले, "पत्रकावरचं ते वाक्य काढून टाकायला सांगते." ती म्हणाली, "छापून झालंय ना? मग राहू दे. पुढच्या वेळी विचारून छापा."

"एक राहिलंय," अधिकारी म्हणाला आणि त्याने पोचेचा कागद माझ्यापुढे सरकवला. खाली दोन रकाने होते. "उजवीकडे उमेदवाराची सही. डावीकडे उमेदवाराला ओळखणाऱ्या कुणाचीही." मी पेन घेतलं, आणि सवयीने कोपर कागदावर ठेवायला गेले, तर तिथे आधीच तिचा तळवा होता, कोपऱ्यावर, नीट पसरलेला. कागद सरळ होता, हलत नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी न हलणाऱ्या कागदावर सही केली, आणि मनात म्हटलं, आता बघू. अक्षरं कललीच. शेवटी मनगट पडलंच. ते मला आता बदलता येणार नाही. मग तिने पेन उजव्या हातात घेतलं आणि डाव्या रकान्यात आपली सही केली. अधिकाऱ्याने शाई वाळावी म्हणून कागद जरा वेळ तसाच उघडा ठेवला. माझं नाव नेहमीसारखं डावीकडे झुकलं होतं. तिचं त्याच बाजूला, अगदी लगत, सरळ उभं होतं.